खाणीकडचा वर्ग

मी त्या दिवशी नुसती किल्ली आणायला गेले होते. सुरुवात म्हणाल तर एवढीच.

दिवा असू द्या तसाच. लाइट आली तरी विझवू नका. मी थोडा वेळ तुमच्याकडे बसले तर चालेल ना? मग सांगते सगळं.

पनवेलहून आपट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं विद्यापीठ आहे. नाव घेत नाही. जाता-येता तुम्ही पाहिलं असेलच, काचेची इमारत आणि फाटकावर बारा महिने लटकलेला प्रवेशाचा फलक. विद्यापीठ झालं ते अलीकडे. त्याआधी ते साधं कॉलेज होतं, त्याच्याही आधी डी.एड.चं विद्यालय. आणि अगदी सुरुवातीला, असं माहितीपुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापलेलं असतं, दगडाच्या खाणीतल्या कामगारांच्या मुलांसाठी पत्र्याच्या शेडमध्ये भरलेला एक वर्ग. ‘एका वर्गातून विद्यापीठाकडे.’ हे वाक्य मी इतकी वर्षं वाचत आले होते की ते मला दिसेनासं झालं होतं. आणि मी तिथे शिकवायचे काय, तर इतिहास.

आमच्या विभागात एके काळी बाक पुरत नसत. मग फार्मसी आली, मॅनेजमेंट आलं. आमच्याकडचे एकेक सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागा काही भरल्या नाहीत. शेवटी मी एकटी उरले. पहिल्या दोन वर्षांना कुणीच नाही आणि तिसऱ्या वर्षाला एकच मुलगी, रिदा.

त्या जुलैत आमचे रजिस्ट्रार हरेश सर मला म्हणाले, “मॅडम, ती एक विद्यार्थिनी आहे तोवर विभाग आहे. ती गेली की माझ्याही हातात काही राहणार नाही. पण नव्या इमारतीतली खोली सोडावी लागेल तुम्हाला. मूल्यांकन समिती येणार आहे, तिथे लॅब करतोय. जुन्या इमारतीतली खाणीकडची खोली घ्या. शांत आहे.”

तिचीच किल्ली आणायला मी गेले होते. ती कमळीबाईंकडे असायची. जुन्या इमारतीची झाडलोट त्या करायच्या. मागच्या कातकरवाडीतल्या, पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. मी कुठली खोली ते सांगितलं तेव्हा त्यांनी कमरेचा जुडगा काढला, एक किल्ली सोडवली आणि माझ्या हातात न देता व्हरांड्याच्या कठड्यावर ठेवली.

“ती खोली मी भायेरनंच झाडते, म्याडम,” त्या म्हणाल्या. “आतमंदी तुमचं तुमी बघा.”

मला वाटलं, कंटाळा असेल.

इमारतीच्या शेवटच्या टोकाला ती खोली होती. खिडकी उघडली की समोर खाण. डोंगराचा अर्धा भाग सुरीनं कापावा तसा उभा कापलेला, काळा, आणि खाली साठलेलं हिरवं पाणी. खाण बंद पडून जमाना झाला होता. पावसाळ्यात त्या कड्यावरून पाणी गळत राहायचं आणि त्याचा आवाज खोलीत यायचा, कुणीतरी जवळच कुजबुजत असल्यासारखा. भिंतींना ओल होती. तरी बाक चांगले होते, सागवानी, जुन्या काळचे. मी ते स्वतः पुसले. खरं सांगते, खोली मला आवडली.

रिदा पनवेलच्या मोहल्ल्यातली. वडील कुवेतला, घरी आई आणि धाकटा भाऊ. तिला चौलपासून पनवेलपर्यंतच्या जुन्या बंदरांवर पुढे संशोधन करायचं होतं. असा विद्यार्थी लाखात एक मिळतो आणि तोही मला शेवटच्या वर्षी मिळाला. ती पहिल्या बाकावर बसायची. मी सवयीनं उभी राहून, आवाज चढवून शिकवायचे.

“मॅडम, एवढ्या मोठ्यानं कशाला?” ती हसायची. “मी इथंच आहे ना.”

तिला हसताना मी पाहिलं ते त्या पहिल्या काही दिवसांतच.

एका दुपारी आभाळ फार भरून आलं होतं. दिवे लावले होते, तरी कोपऱ्यांत अंधार साचलेला. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होते. मागून हळू आवाज आला, “बाई...”

“हं?” मी न वळताच म्हणाले.

आणि मग हात थांबला. विद्यापीठात कुणी बाई म्हणत नाही हो. मॅडम म्हणतात. बाई म्हणतात ते पहिली-दुसरीतली पोरं.

मी वळले. रिदा वहीत लिहीत होती.

“तू हाक मारलीस?”

“नाही, मॅडम.” तिनं मान वर केली आणि नाक आक्रसलं. “कुणी फटाके फोडलेत का? वास येतोय.”

वास मलाही आला. फटाक्यांच्या जळलेल्या दारूचा आणि त्याच्याखाली ओल्या दगडाचा. खिडकी तर बंद होती.

त्यानंतर फळ्याचं सुरू झालं. तास संपवून मी वस्तू गोळा करायचे, वर पाहायचे, तर फळ्याच्या मधोमध मोठाल्या अक्षरांत ग म भ न. लहान मुलांसाठी काढतात तशी गोल, सुबक अक्षरं. पहिल्यांदा मी पुसून टाकली. मला वाटलं आधीचीच असतील, माझं लक्ष गेलं नसेल. दुसऱ्यांदाही तसंच वाटून घेतलं. मग कमळीबाईंना विचारलं.

“तुमच्या वाडीतली पोरं दुपारी या वर्गात येतात का हो? येऊ देत, माझी ना नाही. पण फळा...”

त्यांचा झाडू थांबला. “आमची पोरं या अंगाला येत नाय.”

“मग लिहितं कोण?”

“मला लिवलेलं कळत नाय, म्याडम,” त्या म्हणाल्या आणि पुन्हा झाडायला लागल्या. झाडलेलीच जागा परत झाडत होत्या.

पुढच्या आठवड्यात रिदानं मला कँटीनमध्ये गाठलं. चहा तिनं मागवला होता, पण पीत नव्हती.

“मॅडम, एक विचारू? रागावणार नाही ना?”

“विचार.”

“तुम्ही शिकवताना कुणाकडे बघता?”

“हा काय प्रश्न झाला? तुझ्याकडे.”

“नाही, मॅडम. माझ्या मागे बघता.” तिचा आवाज एकदम खाली आला. “आणि फळ्यावरचं ते... ते तुम्हीच लिहिता.”

मी हसले असेन. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. कपात बघत बोलत राहिली.

“काल आपण घाटवाटा करत होतो. नाणेघाटाचा लेख. तुम्ही मध्येच थांबलात. खडू बदललात. ‘ग’ काढलात आणि म्हणालात, ग गवताचा. मग थांबलात. मागून सगळे म्हणतील म्हणून थांबतो ना आपण, तसं.”

“मग?”

“मग तुम्ही ‘शाब्बास’ म्हणालात.”

कँटीनमध्ये गलका चालला होता. फार्मसीची मुलं कुणाचा तरी वाढदिवस करत होती. मला ते सगळं काचेपलीकडून ऐकल्यासारखं येत होतं. मला नाणेघाट आठवत होता आणि मग तास संपल्याची घंटा आठवत होती. मधलं काही नाही.

भीती वाटली, नाही असं कसं म्हणू? पण त्या भीतीच्या खाली दुसरंही काही होतं. गेले काही दिवस संध्याकाळी माझा घसा बसलेला असायचा. भरलेल्या वर्गावर शिकवून बसतो तसा. पाय दुखायचे, कामोठ्याच्या घरी आडवी झाले की गाढ झोप लागायची. अशी झोप मला कितीतरी वर्षांत लागली नव्हती. तुम्ही कधी शिकवलंय का? रिकाम्या बाकांपुढे उभं राहणं काय असतं, ते शिकवणाऱ्यालाच कळतं. त्या खोलीत मला कुणीतरी ऐकत होतं. पुष्कळजण ऐकत होते. माझं अंग ते ओळखत होतं, मला कळायच्या आधीच.

मी हरेश सरांकडे गेले. खोली बदलून मागितली. कारण ओल सांगितलं.

“समिती जाऊ दे, मॅडम, मग बघू,” ते म्हणाले. “आणि बरं झालं आलात. वेबसाइटसाठी संस्थेचा इतिहास नव्यानं लिहायचाय. तुमच्याशिवाय कोण लिहिणार? त्या पहिल्या वर्गावर दोन परिच्छेद करा जरा छानसे. फोटो नाहीये त्याचा, तेवढंच वाईट.”

“फोटो कसा नाही? उद्घाटन झालं असेल की. कुणी पाहुणे आले असतील.”

सरांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला. “माझ्या फार आधीचं आहे ते. पण जुन्या लोकांनी मला सांगून ठेवलंय... त्यात खोल जायचं नाही. तुम्ही वरवर लिहा.”

मी व्हरांड्यात कमळीबाईंजवळ जाऊन बसले. पाऊस लागला होता. खाणीच्या पाण्यावर थेंब पडत होते आणि कडा धुरकट दिसत होता.

“इथे पत्र्याची शेड होती तेव्हा तुम्ही लहान असाल ना?”

त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

“शाळा कुठं व्हती, म्याडम,” त्या शेवटी म्हणाल्या. “येकच दिस भरली. कोन मोटा मानूस येनार व्हता बगायला. शाळा हाय आसं दाखवायचं व्हतं. म्हून आमची पोरं धरून आनली, तोंड धुतली, नवीन पाट्या दिल्या. बाईनं फळ्यावर ग काढला.”

“बाई कोण होती?”

“शेरातली. मला नाव नाय ठावं. मंग सांगितलं, हाताची घडी, तोंडावर बोट. सायेब येईपरेंत कोनी हालायचं नाय. फोटू काडायचाय.” त्या थांबल्या. “सायेब आलाच नाय. दुपार झाली. खानीवर सुरुंग भरलेला व्हता, त्यो काय थांबतो? भोंगा झाला. भोंगा झाला की समदी मानसं लांब पळायची. मोटी मानसं पळाली. बाईपन गेली. पोरांना... पोरांना कोनी ऊठ म्हनलंच नाय.”

त्यांनी पदराचं टोक सोडलं आणि खाणीच्या पाण्याकडे पाहिलं.

“माजा भाव व्हता त्यात. जगन.”

“आणि तुम्ही?”

“मी भायेर बसलेली, ताडाच्या मागं. माजा फ्राक फाटका व्हता. फोटूत घेतलं नाय मला.”

त्यांनी डोळे पुसले नाहीत, त्यांच्या डोळ्यांत पाणीच नव्हतं. उठल्या आणि बादली उचलून निघून गेल्या. ती शेड जिथे होती तिथेच ही इमारत उभी राहिली, हे त्यांनी सांगितलं नाही. मला ते विचारावं लागलं नाही.

रिदाचे तास मी तरीही बंद केले नाहीत, तो माझा हट्टच म्हणा. नव्या इमारतीतल्या लायब्ररीत घेऊ लागले. चार दिवस बरे गेले. पण रिदा बदलत चालली होती. माझं बोलणं ऐकताना एकटक बघायची, पापणी न हलवता. लिहायची नाही. प्रश्न विचारले की ओठ हलायचे आणि आवाज निघायचा नाही. मग चाचणी परीक्षा आली. मी प्रश्नपत्रिका तिच्यापुढे ठेवली. ती बघत राहिली. बऱ्याच वेळानं तिनं कागदावर एक अक्षर काढलं, मोठं, वाकडंतिकडं, पेन मुठीत धरून.

ग.

“रिदा, काय करतेस हे?”

तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. “मॅडम... अक्षरं दिसतात मला. पण बोलत नाहीत. सकाळी अम्मीनं दुकानाची पाटी वाचायला सांगितली... मला नाही आली.”

मी तिला रिक्षात घालून घरी पोचवलं. तिच्या आईला, सुगराबींना, सांगितलं की काही दिवस तिला कॉलेजला पाठवू नका. कारण काय सांगणार? अशक्तपणा म्हणाले. त्यांनी माझे हात धरले. “तुमी बोलताव तसं, मॅडम. पन पोरगी झोपेत हाताची घडी घालून पडते. हलवली तरी सोडत नाय. ये काय हाय?”

मी घरी जाऊन राजीनामा लिहिला. विभाग गेला तर जाऊ दे असं मी ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी तो द्यायला म्हणून मी हरेश सरांच्या केबिनबाहेर बसले होते. दुपारची वेळ. आभाळ इतकं उतरलेलं की व्हरांड्यातले दिवे लावले होते. तेवढ्यात फोन वाजला.

“मॅडम, रिदा तुमच्याकडंच हाय ना?” सुगराबींचा आवाज. “लेक्चर हाय बोलून गेली. मी नमाजला बसलेले... उठून बघते तर नाय. फोन घरीच टाकून गेली.”

मी धावले. नवी इमारत, मैदान, चिखल, मग जुनी इमारत. खोलीला कुलूप होतं आणि किल्ली माझ्या पर्समध्ये. एक क्षण बरं वाटलं. मग खिडकीच्या काचेतून मला शेवटच्या बाकावर पांढरी ओढणी दिसली.

कुलूप उघडताना किल्ली दोनदा हातातून पडली. कमळीबाई मागून आल्या. उंबऱ्याशी थांबल्या.

रिदा शेवटच्या बाकावर बसली होती. पाठ ताठ. एक हात आडवा घडी घातलेला, दुसऱ्याचं बोट ओठांवर. नजर फळ्यावर. ती बाकाच्या अगदी कडेला बसली होती, अंग चोरून. शेजारच्यांना जागा करून दिल्यासारखी. तिच्या केसांवर, ओढणीवर, पापण्यांवर बारीक राखाडी भुकटी बसलेली.

“रिदा...”

मी तिचा हात धरला. गार होता. ओढला, तर हलेना. माणसाचा हात असा नसतो हो. भिंतीत रोवलेली कडी ओढावी तसं वाटलं. मी तिला दोन्ही हातांनी खेचत होते आणि ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती.

तेव्हा बाहेर भोंगा वाजला.

आधी लांब, मग जवळ. खाणीच्या कड्यावर आपटून परत येणारा. बंद पडलेल्या खाणीचा भोंगा. कमळीबाई उंबऱ्यावर मटकन खाली बसल्या आणि त्यांनी कान झाकले.

“म्याडम... आता सुरुंग...” त्या एवढंच म्हणाल्या.

खोलीतला वास दाटला. आणि मला ते दिसलं असं नाही, पण कळलं. सगळे बाक भरलेले होते. कुणी श्वास घेत नव्हतं. सगळे माझ्याकडे बघत होते. कुणीतरी मोठं माणूस काहीतरी सांगेल म्हणून.

“उठा!” मी ओरडले. “उठा, सगळे बाहेर पळा!”

काही हललं नाही. भोंगा चालूच. मी रिदाला मिठी मारली, माझं अंग तिच्यावर घातलं. आणि मग माझ्या तोंडून ते आलं. कुठून आलं ते विचारू नका. मी लहानपणी ज्या शब्दांची दिवसभर वाट बघायचे, तेच.

“शाळा सुटली!”

भोंगा थांबला.

क्षणभर काहीच नाही. मग पहिला बाक वाजला. मग दुसरा. मग सगळेच, एकदम. आणि पावलं. लहान, अनवाणी, चटचट वाजणारी पावलं माझ्या दोन्ही बाजूंनी दाराकडे. माझी साडी ओढली जात होती, पोरं घाईत घासून जातात तशी. एक अगदी छोटा, गार हात माझ्या बोटांत आला, घट्ट धरून राहिला, मग सुटला. उंबऱ्याशी कमळीबाई ताठ उठून उभ्या राहिल्या होत्या. त्यांचा चेहरा असा झालेला मी कधी पाहिला नव्हता.

“जगन...” त्या म्हणाल्या. हाक मारल्यासारखं नाही. ओळखल्यासारखं.

मग रिदा खोकली. माझ्या कुशीत खोकत राहिली, तोंडातून ती भुकटी थुंकत. आणि रडायला लागली. सुरुंगाचा आवाज काही आला नाही. मी पुष्कळ वेळ तो येईल म्हणून तशीच थांबले होते. कधी कधी अजूनही वाट बघते.

मग मी तिला रिक्षानं घरी पोचवलं. रिदा बरी झाली. आठवडाभरात तिनं आईला पेपर वाचून दाखवला. तिला घरच्यांनी उरणला मावशीकडे पाठवलं. तिथून दुसऱ्या कॉलेजात नाव घातलं. परवाच तिचा मेसेज आला होता, चांगले गुण मिळाले म्हणून. शेवटी लिहिलं होतं, पनवेलला येणार नाही, मॅडम, माफ करा.

ती गेल्यावर इतिहास विभाग बंद झाला. हरेश सरांनी माझा राजीनामा घेतला नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, “राहा, प्रवेश विभागात बसा.” म्हणून मी आता काचेच्या इमारतीत खिडकीशी बसते, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. संस्थेचा इतिहास मी लिहून दिला होता. जसा घडला तसा. वेबसाइटवर जुनंच वाक्य लागलं. जुन्या खोलीला कुलूप घातलं. फळ्यावर मग कधी काही उमटलं नाही. मला वाटलं, संपलं.

दिवाळीच्या आधी कमळीबाई फाटकाशी भेटल्या. नवं लुगडं नेसल्या होत्या. चेहरा उजळलेला. मी कशा आहात विचारलं, तर लाजल्यासारख्या हसल्या.

“बरी हाय. जगन येतो ना आता घरी.”

“कधी?” मी विचारलं.

“सांजच्याला येतो. शाळा सुटली म्हंजे पोर घरीच येनार ना, म्याडम? मी दार लोटून ठेवते. भाकर ठेवते. खात काय नाय, बसतो आपला चुलीपाशी.” त्या अगदी साधेपणानं सांगत होत्या, गावाहून आलेल्या पाहुण्याबद्दल सांगावं तसं. “सकाळी परत जातो. शाळा भरायला.”

“आणि... बाकीची मुलं?”

“त्यांचं कोन ऱ्हायलंय? कुनाचं मानूस वीटभट्टीवर गेलं, कुनाचं मेलं. वाडी आर्दी रिकामी हाय.” त्यांनी माझ्याकडे जरा नवलानं पाहिलं. “ती पोरं त्या दिशी तुमच्याच मागनं गेली ना? रिक्षापरेंत. मला वाटलं, तुमाला म्हाईत हाय.”

मी कामोठ्यात तिसऱ्या मजल्यावर राहते. एकटीच. त्या रात्री घरातले सगळे दिवे लावून बसले. काहीही नव्हतं. भांडं हललं नाही, दार वाजलं नाही. रोज संध्याकाळी घरी येते तेव्हा सगळं जिथल्या तिथे असतं. मी मनाला समजावलं, कमळीबाईंचं वय झालंय, दुःख जुनं आहे.

आज कामावरून आले तर जिन्यात प्रदीपकाका भेटले. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी, तुम्ही ओळखता त्यांना. बँकेतून निवृत्त झालेले, नियमांचे पक्के.

“मॅडम, क्लास काढलात, चांगलं केलंत,” ते म्हणाले. “पण सोसायटीला कळवायला हवं होतं.”

“कसला क्लास?”

“दुपारचा हो. कामोठ्यात घरोघरी क्लास आहेत, त्यात लपवायचं काय? आणि तक्रार नाहीच आमची. पोरं फार शिस्तीची आहेत. जिन्यात कधी दिसतसुद्धा नाहीत. नुसता आवाज येतो, सगळ्यांचा एका सुरात.”

“काका, दुपारी मी ऑफिसात असते. संध्याकाळपर्यंत.”

ते हसले. “मग शिकवतं कोण? आवाज तर तुमचाच असतो.”

मी कठडा धरला. त्यांना वाटलं मी रागावले. समजूत घातल्यासारखे जवळ येऊन म्हणाले, “परवानगीचं मी बघतो, काळजी करू नका. फक्त आमच्या स्नेहलला आत घ्या. नातीला हो. ती तशीही रोज दुपारी तुमच्या दाराबाहेर पायरीवर येऊन बसते. जेवायला हाक मारली तरी उठत नाही. आत्ता संध्याकाळ झाली, तरी बसलीय अजून.”

“अजून?”

“हो ना. मी किती वेळा म्हटलं, चल घरी. तर म्हणते कशी, शाळा सुटली नाही.”